‘इलेक्ट्रिसिटी’ या शब्दाची कुळकथा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘इलेक्ट्रिसिटी’चा मूळ अर्थ काय?

शब्दशः अर्थ लावायचा तर ‘अंबरपणा’. इथे अंबर म्हणजे आकाश नव्हे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांची राळ जमिनीत गाडली गेली, घट्ट झाली आणि मधाच्या रंगाच्या पारदर्शक खड्यांच्या रूपात सापडू लागली, ते अंबर. प्राचीन ग्रीक भाषेत त्याला ‘एलेक्त्रोन’ म्हणत. हा खडा लोकरीवर घासला की गवताच्या काड्या, पिसं, भुसा असं हलकं काहीबाही त्याला येऊन चिकटतं. विजेशी संबंधित सगळ्या शब्दांचं मूळ या एवढ्याशा निरीक्षणात आहे. तारा, दिवे, मोटारी यांचा त्यात मागमूसही नाही.

ग्रीक ‘एलेक्त्रोन’ म्हणजे फक्त अंबर का?

नाही, आणि इथे बऱ्याच जणांचा गोंधळ उडतो. याच शब्दाने ग्रीक लोक सोनं आणि चांदी यांच्या फिकट पिवळ्या मिश्रधातूलाही ओळखत. आजच्या पश्चिम तुर्कस्तानात असलेल्या लिडिया राज्यातली अगदी सुरुवातीची नाणी याच धातूची होती. रोमन लेखक प्लिनी तर प्रमाणही सांगतो : सोन्यात एक पंचमांश चांदी असेल तर त्याला ‘एलेक्ट्रुम’ म्हणावं.

होमरच्या ‘ओडिसी’त एका फिनिशियन व्यापाऱ्याच्या हातात सोन्याचा हार आहे आणि त्यात ‘एलेक्त्रोन’ गुंफलेलं आहे. तिथे बहुधा अंबराचे मणी अपेक्षित आहेत, पण जुन्या ग्रीक मजकुरात प्रत्येक वेळी संदर्भ पाहूनच निवाडा करावा लागतो. दोन्ही वस्तूंना एकच नाव का, याचं उत्तर मात्र सोपं आहे. दोन्ही पिवळसर आणि दोन्ही चमकदार.

त्याच्याही मागे जाता येतं का?

एक पायरी जाता येतं. होमरच्या काव्यात ‘एलेक्तोर’ असा शब्द येतो. तो तळपणाऱ्या सूर्यासाठी वापरला आहे. ‘एलेक्त्रोन’ त्याच घरातला असावा, म्हणजे ‘लखलखणारं’ असा काहीसा अर्थ निघतो. ग्रीक शोकांतिकांतली एलेक्त्रा हीदेखील याच कुळातली. (खुद्द ग्रीकांपैकी काहींनी तिच्या नावाचा अर्थ ‘अ-लेक्त्रा’, म्हणजे शेजेविना राहिलेली, अविवाहित, असा लावला होता. कथेला तो चपखल बसतो, व्युत्पत्ती म्हणून टिकत नाही.) ‘एलेक्त्रोन’मागे कोणता धातू (म्हणजे क्रियापदाचं मूळ) होता, की हा शब्द ग्रीकांनी दुसऱ्याच कुणाकडून उचलला, यावर भाषाशास्त्रज्ञांचं एकमत नाही.

थेलीझने विजेचा शोध लावला, असं वाचलं होतं. खरं का?

हे विधान फार ताणलेलं आहे. मिलेटसचा थेलीझ हा ग्रीक तत्त्वज्ञ इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपासचा. त्याने स्वतः लिहिलेलं काहीही उरलेलं नाही. कित्येक शतकांनंतर डायोजेनीस लेर्शियस या चरित्रकाराने, आरिस्टॉटल आणि हिपियस यांचा हवाला देऊन, एवढंच नोंदवलं आहे की लोहचुंबक आणि अंबर यांच्याकडे बघून थेलीझ निर्जीव वस्तूंनाही आत्मा असल्याचं मानत असे. यात प्रयोगही नाही आणि विजेची कल्पनाही नाही. अंबर काड्या ओढतं हे त्याला ठाऊक होतं असं फार तर म्हणता येईल, आणि ते तर सूत कातताना अंबराची चाती वापरणाऱ्या कुणाच्याही लक्षात आलं असतं.

रोमन लोक अंबराला काय म्हणत?

त्यांच्याकडे स्वतःचा चांगला शब्द होता : ‘सुकिनुम’. ‘सुकुस’ म्हणजे रस, चीक. प्लिनीने आपल्या ‘नॅचरल हिस्टरी’च्या सदतिसाव्या खंडात लिहिलं आहे की अंबर हा झाडाचाच चीक आहे असं पूर्वज मानत, म्हणून हे नाव पडलं. हे नाव वस्तूचं खरं मूळ सांगतं. ग्रीक पुराणकथा त्या मानाने रम्य : सूर्याचा मुलगा फेथॉन रथावरून कोसळून मेला, त्याच्या बहिणी शोक करता करता झाडं झाल्या आणि त्यांचे अश्रू गोठून अंबर झालं. प्लिनीला अशा कथांचा मनस्वी कंटाळा होता. त्याच्या काळात रोममध्ये अंबराचं वेड एवढं होतं की अंबराच्या लहानशा मूर्तीची किंमत धडधाकट जिवंत माणसापेक्षा जास्त असते, अशी चरफड त्याने व्यक्त केली आहे.

शिकलेल्या रोमनांनी ‘सुकिनुम’च्या जोडीला ग्रीक शब्दही ‘एलेक्ट्रुम’ या लॅटिन रूपात घेतला. पुढे विज्ञानाची परिभाषा घडली तेव्हा ग्रीक नाव पुढे गेलं आणि देशी नाव मागे पडलं. ते पुरतं मेलं मात्र नाही. १५४६ साली जर्मन खनिजशास्त्रज्ञ अग्रिकोला याने अंबर तापवून मिळवलेल्या पदार्थाचं वर्णन केलं. त्यालाच पुढे सक्सिनिक आम्ल हे नाव मिळालं. आपल्या पेशींत ऊर्जा तयार होताना जे क्रेब्स चक्र फिरतं, त्यात ‘सक्सिनेट’ येतं ते याच ‘सुकिनुम’मुळे. जीवशास्त्राचा विद्यार्थी आणि वीजजोडणीचं काम करणारा, दोघंही नकळत एकाच खड्याचं नाव घेत असतात.

मग ‘इलेक्ट्रिक’ हा शब्द घडवला कुणी?

विल्यम गिल्बर्ट याने. हा कोल्चेस्टरचा, १५४४ साली जन्मलेला, व्यवसायाने वैद्य, अखेरच्या काळात पहिल्या एलिझाबेथ राणीचा राजवैद्य. १६०० साली त्याचा चुंबकावरचा लॅटिन ग्रंथ ‘दे मॅग्नेते’ प्रसिद्ध झाला. पृथ्वी स्वतःच एक प्रचंड चुंबक आहे हे सांगणारा ग्रंथ म्हणून तो प्रसिद्ध आहे. पण आपल्या शब्दाचा जन्म त्यातल्या एका आडवाटेवर झाला.

गिल्बर्टला आधी एक जुना घोळ निस्तरायचा होता. चुंबक लोखंड ओढतो आणि अंबर काड्या ओढतं, तेव्हा दोन्ही एकच प्रकार, असं लोक सर्रास धरून चालत. इटालियन कार्दानो याने सोळाव्या शतकाच्या मध्याला हे दोन प्रकार वेगळे असल्याचं लिहिलं होतं, तरी गिल्बर्टने तो फरक प्रयोगांनी पक्का केला. चुंबक फक्त लोखंडासारख्या मोजक्या वस्तू ओढतो, अंबर कोणतीही हलकी वस्तू ओढतं. चुंबकाला घासावं लागत नाही, अंबराला लागतं. मध्ये कागद किंवा कापड धरलं तर अंबराची ओढ संपते, चुंबकाची संपत नाही. दमट हवेत अंबर निकामी होतं, चुंबकाला काही फरक पडत नाही.

हे तपासायला त्याने टोकावर तोललेली धातूची हलकी सुई बनवली आणि तिला ‘व्हर्सोरियुम’ म्हटलं. घासलेली वस्तू जवळ नेली की सुई वळते. या साध्या उपकरणाने त्याच्या लक्षात आलं की हा गुण एकट्या अंबराचा नाही. काच, गंधक, लाख, हिरा, नीलम, कितीतरी पदार्थ तेच करतात. आता या सगळ्यांना मिळून काय म्हणायचं? त्याने त्यांना ‘एलेक्ट्रिका’ म्हटलं, म्हणजे ‘अंबरासारखे वागणारे’ पदार्थ.

माझ्या मते या सगळ्या कथेतला हा सर्वांत महत्त्वाचा क्षण आहे. गिल्बर्टला या ओढीचं कारण कळलेलं नव्हतं. घासल्यावर वस्तूतून एक सूक्ष्म स्राव बाहेर पडतो आणि तो काड्यांना पकडून आणतो, असं त्याचं मत होतं, आणि ते चुकीचं होतं. पण नाव त्याने कारणावरून दिलं नाही. ज्या ओळखीच्या वस्तूत हा गुण आधी दिसला तिच्यावरून दिलं. म्हणूनच त्याची उपपत्ती कोसळली तरी नाव टिकलं.

आणि ‘इलेक्ट्रिसिटी’?

१६४६ साली नॉरिचच्या टॉमस ब्राउन या वैद्याने, लोकांच्या प्रचलित गैरसमजुती तपासणाऱ्या आपल्या ‘स्यूडोडॉक्सिया एपिडेमिका’ या इंग्रजी ग्रंथात हा शब्द वापरला. इंग्रजीतला हा त्याचा अगदी आरंभीचा छापील वापर. ब्राउनला असे शब्द घडवण्याचा नाद होता.

त्याच्या लेखी इलेक्ट्रिसिटी म्हणजे घासल्यावर हलक्या वस्तू ओढण्याचा गुण, बस्स. तारेतून काही वाहू शकतं हे स्टीफन ग्रे याने १७२९ साली दाखवलं आणि सतत वाहणारा प्रवाह मिळाला तो १८०० साली, व्होल्टाच्या घटामुळे. म्हणजे शब्द आधी आला आणि ज्या गोष्टीसाठी आपण तो आज वापरतो ती दीडशे वर्षांनी हाती लागली.

हा शब्द ग्रीक म्हणायचा की लॅटिन?

सुटा करून पाहू. मूळ ‘इलेक्ट्र-’ ग्रीक. ‘-इक’ हा प्रत्यय ग्रीक ‘-इकोस’ आणि लॅटिन ‘-इकुस’ असा दोन्हीकडे आहे. शेवटचा ‘-इटी’ निखळ लॅटिन : ‘-इतास’, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला, भाववाचक नाम करणारा. म्हणजे धड ग्रीक, शेपूट लॅटिन.

अशा संकरावर भाषाशुद्धीवाले खवळतात. ग्रीक ‘टेले’ आणि लॅटिन ‘व्हिजिओ’ जोडून झालेल्या ‘टेलिव्हिजन’ला त्यांनी पुष्कळ नावं ठेवली. ‘इलेक्ट्रिसिटी’च्या वाट्याला ते आलं नाही, कारण ‘एलेक्ट्रुम’ दीड हजार वर्षं लॅटिनमध्ये नांदलेला होता. त्याला लॅटिन प्रत्यय लावणं व्याकरणाला धरूनच होतं. खरं सांगायचं तर शब्द वापरणाऱ्याला या भांडणाशी काहीही देणंघेणं नसतं.

घासलेलं अंबर खरोखर ओढतं ते कशामुळे?

लोकरीवर किंवा केसाळ कातड्यावर घासताना काही इलेक्ट्रॉन तिकडून अंबराकडे येतात आणि अंबर ऋणप्रभारित होतं. काडी जवळ आली की तिच्यातले प्रभार किंचित सरकतात, जवळच्या बाजूला धनप्रभार वरचढ होतो आणि ती खेचली जाते. दमट हवेत पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार त्यातून निसटतो. गिल्बर्टला जाणवलेली अडचण तीच.

प्राचीन लोकांना विजेचा झटका माहीत नव्हता का?

चांगलाच माहीत होता, पण माशाचा! भूमध्य समुद्रात झटका देणारा एक चपटा मासा मिळतो. ग्रीक त्याला ‘नार्के’ म्हणत, म्हणजे बधिरपणा. ‘नार्कोटिक’ त्याच शब्दातून आला. रोमन त्याला ‘टॉरपीडो’ म्हणत, ‘टॉर्पेरे’ म्हणजे बधिर होणे यावरून. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर आणि पायाच्या संधिवातावर हा जिवंत मासा लावायला सांगतो.

पण अंबराची ओढ आणि माशाचा झटका एकाच जातीचे आहेत हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. ते सिद्ध व्हायला अठराव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. तोवर नाव अंबराकडे गेलेलं होतं. माशाच्या नावावर आधी पाण्यातले सुरुंग आणि मग पाणबुडीतून सोडायचे बाँब आले.

इंग्रजी ‘अँबर’ या शब्दाचा याच्याशी काही संबंध?

काहीच नाही. ‘अँबर’ अरबी ‘अंबर’वरून आला आणि त्याचा मूळ अर्थ देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा सुगंधी पदार्थ. तोही समुद्रकिनाऱ्यावर वाहत येतो, राळेचा खडाही बाल्टिकच्या किनाऱ्यावर वाहत येतो. दोन्ही मौल्यवान, दोन्ही जळताना वास देणारे. युरोपात दोघांना एकच नाव पडलं. मग फ्रेंचांनी एकाला करडा अंबर आणि दुसऱ्याला पिवळा अंबर म्हणून वेगळं केलं. मराठीतला ‘अंबर’ही या अर्थाने अरबीतूनच आलेला आहे. आकाशवाचक संस्कृत ‘अंबर’ वेगळा.

इतर भाषांनीही अंबरावरूनच नाव दिलं का?

काहींनी दिलं. फार्सीत अंबराला ‘काहरुबा’ म्हणतात : ‘काह’ म्हणजे गवत, ‘रुबा’ म्हणजे पळवणारा. गवतचोर! अरबीत त्याचं ‘कहरबा’ झालं आणि आधुनिक अरबीत विजेसाठी हाच शब्द चालतो. संस्कृतातही ‘तृणमणी’ आहे, गवत ओढणारा मणी. निरीक्षण तेच, पण आपल्याकडे त्या शब्दाला विजेच्या परिभाषेत जागा मिळाली नाही.

हिब्रूची गोष्ट सर्वांत मजेशीर. बायबलमधल्या यहेज्केल प्रेषिताच्या दर्शनात ‘हश्मल’ नावाचं काहीतरी झळाळतं. प्राचीन काळी ग्रीक भाषांतरकारांनी तिथे ‘एलेक्त्रोन’ लिहिलं. एकोणिसाव्या शतकात हिब्रूला विजेसाठी शब्द हवा होता, तेव्हा कवी यहूदा लेब गॉर्डन यांनी याच दुव्यावरून ‘हश्मल’ सुचवला. आज इस्रायलमध्ये विजेचं बिल येतं ते ‘हश्मल’चं.

दुसरा गट आकाशातल्या विजेकडे पाहणारा. चिनी लिपीतलं विजेचं चिन्ह मुळात कडाडणाऱ्या विजेचं. आपला ‘विद्युत’ ‘द्युत्’ म्हणजे चमकणे या धातूवरून आणि ‘वीज’ हे त्याचंच झिजलेलं रूप. या गटाला अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांचे आभार मानायला हवेत. ढगातली वीज आणि घासून मिळणारी वीज एकच असं त्यांनी मांडलं आणि त्यांनी सुचवलेला प्रयोग १७५२ साली फ्रान्समध्ये यशस्वी झाला. तसं झालं नसतं तर ‘विद्युत’ हा शब्द चुकीचा ठरला असता.

अॅनोड, कॅथोड, आयन ही नावं कुठून आली?

मायकेल फॅरेडे यांच्या पत्रव्यवहारातून. द्रावणातून प्रवाह सोडला की पदार्थाचं विघटन होतं, त्याचा अभ्यास करताना त्यांना ‘ध्रुव’ हा जुना शब्द खटकू लागला. ध्रुव म्हटलं की तो ओढतो असं सूचित होतं आणि फॅरेडेंना ते मान्य नव्हतं. त्यांचं शालेय शिक्षण जेमतेम, ग्रीक येत नव्हतं. पूर्व-पश्चिम दिशांच्या इंग्रजी नावांवरून ‘ईस्टोड’ आणि ‘वेस्टोड’ असे शब्दही त्यांनी करून पाहिले. शेवटी १८३४ साली त्यांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातले विद्वान विल्यम ह्यूवेल यांना विचारलं.

ह्यूवेलनी सुचवलं : ‘हॉडॉस’ म्हणजे वाट. ‘आना’ म्हणजे वर, म्हणून अॅनोड, वर जाणारी वाट. ‘काता’ म्हणजे खाली, म्हणून कॅथोड. वर-खाली कशाचं? सूर्याचं. पृथ्वीचं चुंबकत्व तिच्याभोवती फिरणाऱ्या प्रवाहामुळे आहे असं धरलं तर तो पूर्वेकडून पश्चिमेकडे जायला हवा. तेव्हा सूर्य उगवतो त्या बाजूचं टोक अॅनोड आणि मावळतो त्या बाजूचं कॅथोड. ‘आयन’ म्हणजे नुसता ‘जाणारा’. ‘इलेक्ट्रोलाइट’मधला ‘लायतॉस’ म्हणजे सुटा होणारा.

मराठी पाठ्यपुस्तकांत धनाग्र आणि ऋणाग्र आहेत. सुटसुटीत आहेत, पण एक तोटा आहे. ते धन आणि ऋण यांच्याशी घट्ट बांधलेले. विद्युतघट वीज देत असतो तेव्हा त्याचा अॅनोड ऋण असतो, मग मुलांना ‘धनाग्र ऋण कसा?’ असा प्रश्न पडतो आणि तो रास्त आहे. सूर्याच्या वाटेवरून दिलेल्या ग्रीक नावांना ही अडचण येत नाही.

इलेक्ट्रॉन हा शब्द जे. जे. थॉमसन यांचा ना?

कण त्यांनी शोधला, १८९७ साली. शब्द त्यांचा नाही. आयरिश शास्त्रज्ञ जॉर्ज जॉन्स्टन स्टोनी यांनी १८९१ साली विद्युतप्रभाराच्या लहानात लहान एककाला हे नाव दिलं, तेव्हा कण सापडलेलाच नव्हता. थॉमसन कितीतरी वर्षं आपल्या कणांना ‘कॉर्पसल’ म्हणत राहिले, लॅटिनमध्ये ‘छोटं शरीर’. जगाने स्टोनींचा शब्द उचलला. गंमत अशी की तो ग्रीकांच्या ‘एलेक्त्रोन’शी अक्षरशः जुळतो, त्यामुळे प्रत्येक अणूत आता नावापुरतं का होईना अंबर आहे.

प्रोटॉन, न्यूट्रॉन, सायक्लोट्रॉन यांतला शेवट एकच का?

दोन वेगळे शेवट आहेत. ‘-ऑन’ हा इलेक्ट्रॉन आणि आयन यांच्यापासून तोडून घेतला आणि कणांसाठी वापरायला सुरुवात झाली. प्रोटॉन ग्रीक ‘प्रोतॉस’वरून, पहिला. न्यूट्रॉन लॅटिन ‘न्यूटर’वरून, दोन्हींपैकी एकही नाही. बोसॉन सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून. ग्लुऑन तर सरळ इंग्रजी ‘ग्लू’वरून, तिथे ग्रीक-लॅटिन दोन्ही संपलं.

सायक्लोट्रॉन, मॅग्नेट्रॉन यांतला ‘-ट्रॉन’ यंत्रांसाठी आहे आणि तो रूढ झाला तोही इलेक्ट्रॉनच्या शेपटीवरून. योगायोगाने ग्रीकमध्ये ‘-त्रोन’ हा साधनवाचक प्रत्यय खरोखरच होता : ‘आरोत्रोन’ म्हणजे नांगर. लॅटिनमध्ये तो ‘-त्रुम’ आणि संस्कृतात ‘-त्र’. यंत्र, शस्त्र, नेत्र यांतला ‘त्र’ तोच. तेव्हा मॅग्नेट्रॉनला यंत्र म्हणताना आपण तोच प्रत्यय दुसऱ्यांदा लावतो.

‘इलेक्ट्रोक्यूट’ म्हणजे शॉक बसणे का?

साध्या शॉकसाठी तो वापरू नये. ‘इलेक्ट्रो’ आणि ‘एक्झिक्यूट’ यांची ही जोड १८८९ च्या सुमारास अमेरिकेत, विजेने देहदंड देण्याच्या वादातून निघाली. त्या पद्धतीची पहिली अंमलबजावणी ६ ऑगस्ट १८९० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न तुरुंगात झाली. ‘एक्झिक्यूट’ मधला ‘क्यूट’ लॅटिन ‘सेक्वी’ म्हणजे मागे जाणे या धातूचा उरलेला तुकडा. त्याचा मारण्याशी मुळात संबंध नव्हता, आज्ञा शेवटास नेणं एवढाच अर्थ होता. आता अपघाती मृत्यूसाठीही हा शब्द चालतो. नुसता झटका बसून माणूस बरा झाला असेल, तर त्याला शॉक बसला एवढंच म्हणावं.